विचारून की सांगून?

लिफ्टचं दार मिटता मिटता ती आत शिरली आणि तिच्या छत्रीतलं पाणी आतल्या माणसाच्या बुटांवर ओघळलं.

"अगंबाई! सॉरी हं..."

"असू दे. धुवायचेच होते," तो म्हणाला आणि असा काही हसला, की वर जाऊन भांडायचं म्हणून पाठ केलेलं पहिलं वाक्यच ती विसरली.

आणि वर जाऊन तो नेमका त्याच टेबलामागे बसला, जिथे तिला भांडायचं होतं. म्हणजे आकडेमास्तर तो हाच! एका पाहणीसाठी ती दारोदार हिंडून लग्न झालेल्या बायकांना विचारायची, घरात कुणाचं चालतं, पैसे कुणाच्या हातात... आणि त्यावरून कुणाला किती मोकळीक, याचे गुण हा इथे बसून काढायचा.

"माहेरी विचारून जाणारी आणि सांगून जाणारी... दोघींना सारखेच गुण?"

"एकच की ते!"

"एकच? विचारणारी म्हणते, 'जाऊ का?' सांगणारी म्हणते, 'येते हं!' तोवर तिच्या पायात चप्पलसुद्धा असते!"

तो खो खो हसला. मग मात्र त्याने सगळे गुण नव्याने मांडायला घेतले.

रोज दुपारी ती उत्तरं वाचून दाखवायची. खिडकीवर पाऊस रेंगाळायचा. टाइप करता करता त्याची बोटं थांबायची...

"कुठे होतो आपण?"

"तुम्हालाच ठाऊक," ती म्हणायची आणि उगाचच कागद सारखे करायची. ती प्रेमात पडली होती, दुसरं काय!

घरी तिच्या लग्नाचं घाटत होतं. स्थळं यायची, बाबांना विचारायची, चहा पिऊन जायची. तिला कुणी विचारत नव्हतं. उद्या आपणही 'जाऊ का?' म्हणायला लागू, याची तिला धास्ती वाटायची.

काम संपलं त्या संध्याकाळी तो जिन्यापर्यंत सोडायला आला.

"एक... म्हणजे... तुमच्या बाबांना विचारायला येऊ?"

तिचा चेहरा पडला. इतकं शिकवून पालथ्या घड्यावर पाणी!

त्याने जीभ चावली. दोन पायऱ्या उतरून तो तिच्यासमोर उभा राहिला.

"चुकलो. तुला विचारतो... लग्न करशील माझ्याशी?"

'तुला'! पाऊस नव्हता, तरी तिने छत्री उघडली आणि तिच्याआड लाजली.

"हो," छत्रीमागून आवाज आला.

"आणि बाबा?"

तिने तिथेच फोन लावला.

"बाबा, मी लग्न ठरवलंय... नाही हो, विचारत नाहीये. सांगतेय!"