चऱ्होली फाट्यावरचं दोन लिटर पेट्रोल

ही गोष्ट खरी आहे, आणि मी ती कुणाकडून ऐकलेली नाही. त्या गाडीला ओके मीच दिलं होतं. गाडीचा नंबर आणि कंपनीचं नाव तेवढं विचारू नका, मी अजून तिथंच नोकरी करते.

मी मैत्री. वाकडला सेल्फ-ड्राइव्ह गाड्या भाड्यानं देणाऱ्या यार्डात बसते. आमच्या प्रत्येक गाडीच्या टाकीत सेन्सर आहे. गाडी कुठं आहे, पेट्रोल किती आहे, सगळं माझ्या स्क्रीनवर दिसतं. नेलं त्यापेक्षा कमी पेट्रोल ठेवून गाडी परत केली की पैसे आपोआप कापले जातात. जास्त भरलं की आपोआप परत जातात. मग दिवसभर माझ्याशी भांडायला फोन. "मॅडम, टाकी फुल होती हो!" माझंही तोंड काही कमी चालत नाही, म्हणून हे टेबल माझ्याच गळ्यात पडलंय.

पण गेल्या जूनमध्ये एकाचा फोन आला... पैसे परत का आले म्हणून.

"मॅडम, मी पंपावर गेलोच नाही. दोन लिटर भरल्याचं दाखवतंय."

असला प्रामाणिक माणूस मी आठ वर्षांत पाहिला नव्हता! सेन्सरची गडबड असेल म्हणून सोडून दिलं.

मग दुसरा फोन. मग तिसरा.

गाडी तीच. पांढरी.

जागाही तीच... आळंदी रोड, चऱ्होली फाट्याच्या जरा अलीकडं. रस्त्याचं काम चालू असल्यामुळं तिथं गाडी थांबतेच. वेळ दुपारी बारा ते साडेबारा. पेट्रोल बरोबर दोन लिटर.

स्क्रीनवर नकाशा मोठा करून ती जागा बघितली.

ती जागा मला माहीत होती.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. ज्योतीराम आणि त्याची बायको विजयश्री सकाळी ती गाडी घेऊन गेले. मूळचे लातूरकडचे, भोसरीत भाड्याच्या खोलीत राहायचे. चऱ्होलीत नवा फ्लॅट घेतला होता. त्या दिवशी गृहप्रवेश होता. मागच्या सीटवर शेगडी, कळशी, देव.

आदल्या दिवशीच एक गिऱ्हाईक मला सांगून गेलं होतं, "मॅडम, हिचा काटा अर्ध्यावर अडकतो." टाकीतला तरंगता गोळा अडकला की गाडीतला काटाही खोटा आणि माझी स्क्रीनही खोटी. गाडी बाजूला काढायला हवी होती. पण रविवारी बुकिंग जास्त, गाड्या कमी. म्हटलं, एका दिवसानं काय होतंय.

ओके दाबलं.

बाराच्या सुमारास चऱ्होली फाट्याच्या जरा अलीकडं गाडी बंद पडली. काटा अर्ध्यावर! एका रिक्षावाल्यानं गाडी हलवून कान दिला आणि सांगितलं, "भाऊ, टाकी कोरडी आहे." ज्योतीराम कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली घेऊन पंपाकडं पळाला. पंपवाले बाटलीत देत नाहीत. त्यानं हातापाया पडून मिळवलं. परत येताना रस्ता ओलांडायला लागला, आणि ट्रेलर आला.

विजयश्री चाळीस पावलांवर गाडीत बसली होती.

चौकशीत आमच्या लोकांनी लिहिलं, गिऱ्हाइकानं पेट्रोल भरलं नाही. मी गप्प बसले. सेन्सर बदलला आणि गाडी परत भाड्यानं जायला लागली.

आमच्या घरात भूतबीत कुणी मानत नाही. पप्पांनी लहानपणापासून एकच शिकवलंय, आधी तपासून बघ. म्हणून जुलैतल्या एका दुपारी मी स्वतःच ती गाडी काढली. एकटी.

बारा वाजून दहा मिनिटं. कडक ऊन. फाट्याच्या अलीकडं गाड्या थांबल्या, मीही थांबले. मागं हॉर्न, डंपर, धूळ, सगळं रोजचं.

मग आवाज बंद झाले...

गाड्या दिसत होत्या. हॉर्न ऐकू येत नव्हता.

मागं टाकीचं झाकण उघडलं. खट्.

मग... गट्. गट्. गट्. अरुंद तोंडाच्या बाटलीतून ओततात ना, तसं अडखळत. गाडीत पेट्रोलचा वास भरला. मी आरशात बघितलं. मागं कुणीच नव्हतं.

झाकण बंद झालं. डिकीवर दोन थापा पडल्या. आपण 'चला' म्हणून मारतो तशा.

डाव्या बाजूच्या रिकाम्या सीटवर सावली पडली. कुणीतरी खिडकीशी वाकून आत बघत होतं...

माझ्याकडं नाही. त्या रिकाम्या सीटकडं.

सावली बराच वेळ थांबली. मग सरकली, आणि एकदम सगळे हॉर्न परत सुरू झाले.

मी गाडी बाजूला घेऊन ढसाढसा रडले. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त लाज वाटली. तो अजून पेट्रोल आणतोय आणि बायको त्याला गाडीत सापडत नाहीये. हे माझ्यामुळं झालंय.

दुसऱ्या दिवशी भोसरीला त्यांच्या खोलीवर गेले. विजयश्री मेथी निवडत होती. सासू मंजुळाबाई आत पाठ करून पडलेली. ज्योतीराम गेल्यापासून सासू तिच्याशी एक शब्द बोललेली नव्हती.

"त्यांचं बी बरोबरच हाय," विजयश्री म्हणाली. "मीच मनले, मुहूर्त टळंल, पंपावर थांबू नका."

मी सगळं सांगितलं. काट्याचं, आदल्या दिवशीच्या गिऱ्हाइकाचं, ओकेचं. ती ऐकत राहिली.

"म्हंजे काटा खोटा होता?"

"हो."

"आन् तुमाला ठावं होतं?"

"हो, ताई."

वाटलं, ही आता माझ्या थोबाडीत मारणार. मारायलाच हवी होती. पण ती आत वळून ओरडली, "आत्याबाई, ऐकलं का? काटा खोटा होता! मी न्हाई काही केलं!"

आतून म्हातारीचा हुंदका आला. मग सासू बाहेर आली आणि सुनेचं डोकं पोटाशी धरून बसली. मी उठायला लागले तर विजयश्रीनं मला थांबवलं.

"दोन लिटरचं काय मनलात मघाशी?"

ते सांगायचं नव्हतं मला. पण सांगितलं. दोन थापा सांगितल्या, सावली सांगितली.

तिनं डोळे पुसले. "गाडीचा नंबर द्या."

त्यानंतर ती दर रविवारी तीच गाडी न्यायची. तिला गाडी येत नाही, भाऊ नवनाथ चालवायचा. फाट्याच्या अलीकडं गाडी कडेला लावून तो समोरच्या टपरीवर चहाला जायचा. ती डाव्या सीटवर बसून राहायची. मागच्या सीटवर शेगडी, कळशी, देव. दर वेळी स्क्रीनवर दोन लिटरची नोंद यायची.

नोव्हेंबरात ती माझ्या टेबलाशी आली.

"ते येतेत, मॅडम. मला बगतेत. पर आत न्हाई बसत."

"का?"

"टाकीत आधीच पेट्रोल असतंय ना. त्यांना वाटत असंल, आपल्याला उशीर झाला, दुसरं कुणीतरी भरून गेलं." ती खाली वाकून हळूच म्हणाली, "या बारीला रिकामी द्या. पार फाट्यावर बंद पडंल अशी. तुमाला जमतंय की."

ती टोमणा मारत नव्हती. तेच जास्त लागलं.

वाकडहून तिथपर्यंत किती पेट्रोल लागतं, हे माझ्याहून जास्त कुणाला माहीत असणार? १७ नोव्हेंबरला सकाळी मी टाकी उपसायला लावली, मोजून तेवढंच ठेवलं, आणि ओके दाबलं. नवनाथला बजावलं, गाडी बंद पडली की ढकलून कडेला घे आणि टपरीवर जा.

बारा वाजून पाच मिनिटांनी गाडी फाट्याच्या अलीकडं बंद पडली. स्क्रीनवर पेट्रोल शून्य.

मी जेवणाचा डबा उघडला नाही. नुसती बघत बसले.

बारा वाजून चौदा मिनिटं... दोन लिटर.

मी श्वास सोडला. झालं, दर वेळसारखंच.

मग खाली एक ओळ आली.

इंजिन सुरू.

ठिपका हलला. फाट्यावर वळला आणि चऱ्होलीच्या दिशेनं निघाला.

माझा फोन वाजला. नवनाथ होता, धापा टाकत.

"मॅडम, गाडी कुठंय? मी चहाचे पैसे द्यायला वळलो अन् गाडी गायब! अक्काला तर गाडी येत न्हाई हो!"

फोन कानाला धरून मी स्क्रीनकडंच बघत होते. ठिपका सावकाश, नीट जात होता. गतिरोधक आला की हळू व्हायचा. चऱ्होलीत एका नव्या सोसायटीच्या आत शिरला आणि थांबला.

इंजिन बंद.

मी विजयश्रीला फोन लावला. आठव्या-नवव्या रिंगला तिनं उचलला.

"ताई, कुठं आहात?"

"पोचलो आमी, मॅडम."

मागं कुणीतरी गॅसचा लायटर दाबत होतं. टक्... टक्... टक्.

"ताई, तुमच्याबरोबर कोण आहे?"

ती हसली. इतक्या महिन्यांत तिचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं. "ठेवते. दूध उतू घालायचंय."

नवनाथ रिक्षानं पोचला, तेव्हा फ्लॅटमध्ये ती एकटीच होती. शेगडीभोवती दूध सांडलेलं. गाडी कुणी चालवली, ते तिनं भावालाही सांगितलं नाही. त्यांच्याकडं एकटं माणूसही कधी कधी स्वतःला 'आमी' म्हणतं, असं मी मनाला समजावते. आता सासू-सून दोघी तिथंच राहतात.

दोन लिटरची नोंद त्यानंतर आली नाही.

पण ट्रिप बंद करताना सिस्टीम विचारते, शेवटच्या टप्प्यात गाडी कोण चालवत होतं. नाव भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही. नवनाथचं लिहिलं तर खोटं. विजयश्रीचं लिहिलं तर खोटं. तिसरं नाव टाइप करते आणि पुसते. एकदा खोटं ओके दाबून काय झालं, ते मी बघितलंय.

वरिष्ठ रोज विचारतात, ती एक ट्रिप बंद का होत नाही. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. गाडी यार्डात माझ्या खिडकीसमोर उभी आहे, आणि स्क्रीनवर तिची ट्रिप अजून चालू आहे.

दुपारी बारानंतर मी त्या खिडकीचा पडदा ओढून घेते.