इसिदोरोसचा पेला

९ फेब्रुवारी १९६१. दक्षिणेचा दमट वारा. पाऊस नाही, पण आभाळ इतकं उतरलेलं की दुपारीच दिवा लावावा लागला.

मडक्यांची भट्टी विझवून मी म्हाताऱ्या कॅलिरोईकडे गेलो. तिचा मुलगा इसिदोरोस मासेमारीला गेला होता. होडी सापडली, तो नाही. आज त्याला जाऊन चाळिसावा दिवस. शेजारणींनी मृताच्या नावाचे गहू शिजवून आणले होते, पाद्रीबाबाही येऊन बसले होते. म्हातारी मात्र प्रार्थना करू देत नव्हती. प्रार्थना झाली की मुलगा मेला, असं तिचं सरळ गणित.

"पायथागोरस आपल्या सामोस बेटावरूनच गेला, तो परत नाही आला," ती म्हणाली. "त्याचं चाळिसावं घातलंत का कुणी?"

"तो अडीच हजार वर्षांपूर्वीचा, मावशी," पाद्रीबाबा म्हणाले. "ख्रिस्तीही नव्हता."

"गेलेला जीव परत येतो म्हणायचा. तुमच्यापेक्षा बरा."

पाद्रीबाबा माझ्याकडे वळले. "अर्गिरी, तू तरी सांग हिला."

टेबलावर, छोट्या तिवईवर इसिदोरोसचा पेला होता. मीच घडवलेला. ही युक्ती पायथागोरसची, असं आमच्याकडे म्हणतात. पेल्यात मधोमध पोकळ खांब, आत एक रेघ. रेघेपर्यंत वाइन भरली तर निमूट राहते. रेघ ओलांडली की तळाच्या छिद्रातून सगळी वाहून जाते, थेंब उरत नाही. हावरटाला शिक्षा.

"रोज त्याच्यासाठी रेघेपर्यंत भरते," म्हातारी म्हणाली. "आज तू वर ओत. वाहून गेली तर पेल्याला मालक उरला नाही असं समजेन. मग म्हणा तुमची प्रार्थना."

मला हायसं वाटलं. माझा पेला कधी चुकलेला नाही.

मी ओतली. रेघ बुडाली. तिवईखालची बशी कोरडीच. आणखी ओतली. वाइन काठाला येऊन थांबली.

"गाळ अडकला असेल..." पाद्रीबाबा पुटपुटले.

छिद्र चाचपायला मी तिवईखाली हात घातला. तिथे आधीच एक बोट होतं. गार, पाण्यात फुगलेलं. छिद्र घट्ट दाबून धरलेलं.

म्हातारीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते. पाद्रीबाबांचे गळ्यातल्या क्रूसावर.

मी हात काढून घेतला.

"काय रे?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"काही नाही..."

हाताला शेवाळाचा वास येत होता. मी तो विजारीला पुसला.

"बापाला असाच फसवायचा," म्हातारी पेल्याकडे बघत म्हणाली. "खालून बोट लावायचा, नि वर साळसूद चेहरा..."

पाद्रीबाबांनी गव्हावर फडकं टाकलं. प्रार्थना झाली नाही. इसिदोरोसचं नाव मृतांत वाचलं गेलं नाही.

मी निघालो तेव्हा, कुणी तोंड लावलं नसूनही, पेला अर्धा होता. बशी कोरडी होती.