फळ्यावरची सातवी

सकाळी साडेआठला तालीन सहा फोटो, टाचण्यांची डबी आणि दूध काढायचा पंप अशी तीन ओझी सावरत स्टुडिओत शिरली. बाहेर सप्टेंबरचं ऊन भाजून काढत होतं. आत, पाच नंबरच्या शेडमध्ये, नेहमीसारखा काळोख. तिथे सूर्य कधी उगवतच नाही. दिवे लागले की दिवस, विझले की रात्र. हवेला रंगाचा, लाकडाच्या भुशाचा आणि शिळ्या कॉफीचा वास.

एकामागून एक खून करत सुटलेल्या माणसांच्या मनात शिरून त्यांना हुडकणारं पोलीस पथक, त्याची ती टीव्ही मालिका. दर आठवड्याला खुनी नवा, आणि पथकाच्या खोलीतल्या फळ्यावर त्याने मारलेल्या बायकांचे फोटोही नवे. ते तालीनने जमवायचे. कुणाची मेहुणी, कुणाची शेजारीण, पण प्रत्येकीचं सही केलेलं संमतिपत्र हवंच. सहीविना एखादा चेहरा पडद्यावर गेला तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर आठ महिन्यांच्या लेकीचा, लुसिनेचा, आरोग्यविमाही.

तालीन चांगली शिकलीसवरलेली. खोट्या रक्तात किती पाक घालायचा ते तिला तोंडपाठ. तरी आई झाल्यापासून घरी गेली की आधी झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरायची. आपण वेड्या आहोत हे तिला कळायचं. बोट मात्र धरायचीच.

सामान खात्याचा म्हातारा वेंडेल फळ्यापाशीच उभा होता. हातात बदललेल्या पटकथेची निळी पानं.

"पोरी, लेखकांनी रात्रीतून अजून एकीला मारलंय. सात हवेत. दहाला शूटिंग."

"सातवी आता कुठून आणू? इतक्या सकाळी मरायला कोण तयार होणार?"

"शोध म्हणजे सापडेल."

तिने शोधलं. फोन केले. पावणेदहाला पर्समधून स्वतःचाच कॉलेजातला फोटो काढला, मागे नाव लिहिलं, तालीन केशिशियन, आणि स्वतःच्या संमतिपत्रावर स्वतःच सही ठोकली.

टाचणी पुढे करणारा वेंडेलचा हात मध्येच थांबला. "फळा लावणाऱ्याने स्वतःला लावू नये."

"का?"

"नसतात लावत."

"मग तुमचा लावू? मिशा पुसून?"

तो हसला नाही. तालीनच्या मनात पाल चुकचुकली. पण घड्याळ पुढे सरकत होतं. लाल टाचणीने तिने स्वतःला सातव्या जागी टोचलं.

दहा वाजता दिवे लागले. सगळे चिडीचूप झाले. कॅमेरा फळ्यावरून सावकाश सरकू लागला आणि कोपऱ्यातल्या छोट्या पडद्यावर तालीन चेहरे मोजू लागली. चार... पाच... सहा...

सातवी ती नव्हती.

एकोणीस-वीस वर्षांची पोरगी. पुढच्या दोन दातांत फट. केस ओले, कपाळाला चिकटलेले. दिवे इतके तापलेले असूनही तालीनच्या पायांशी तळघरासारखा गारवा आला, ओल्या केसांचा वास घेऊन. प्रसंग संपताच ती फळ्याशी धावली. टाचणी तीच, लाल. फोटो त्या मुलीचा.

"वेंडेल... सातवा फोटो माझा नाहीये..."

त्याने फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "केस ओले आहेत?"

"तुम्हाला कसं..."

"डेला." तो अगदी हळू बोलत होता. "इथे प्रेत व्हायला यायची. बावीस वर्षं झाली. शवागाराच्या प्रसंगासाठी केस भिजवले होते, संध्याकाळी तशीच बसथांब्याकडे निघाली. पुढे कुठे पोचलीच नाही. मागे कुणी नव्हतं तिचं. पोलिसांनी एक कागद भरला... झालं. आपण खोट्या मुलींचे किती फोटो लावले, पोरी. हिचा कुणी कुठेच लावला नाही."

"पण माझ्या जागी का?"

"मागेही एकीने स्वतःचा लावला होता. तिलाही लहान मूल होतं. तेव्हाही तिच्या जागी ही आली." त्याने खणातून एक पिवळा पडलेला कागद काढला. जुनं संमतिपत्र, खाली शाळकरी वळणाची सही. "फळ्यासाठी हिचा फोटो घेणार होतो, राहूनच गेला. कागद मात्र पुरा आहे. राहू दे तिला."

 तालीन पुन्हा फळ्यापाशी गेली. फोटो जरा तिरपा होता, तो सरळ केला. "दिसतेस गं," ती पुटपुटली. "आता सगळे बघतील तुला."

पाच वाजता, लख्ख उन्हात, ती घरी पोचली. लुसिनेला सांभाळणाऱ्या शेजारच्या हास्मिकमावशीने दार उघडलं.

"सकाळी तुझी कामावरची मैत्रीण आली होती गं, तुझा फोटो परत द्यायला. दहाच्या सुमारास. कसली गोड पोर! एवढ्या उन्हात केस निथळत होते, टॉवेल देते म्हटलं तर नको म्हणाली. आणि तुझी लेक बघ, माझ्याकडे भोकाड पसरत होती, तिने उचलून घेतलं नि चूप! मी कॉफी करून आणते तोवर गेलीसुद्धा."

फोटो टेबलावर होता. एक कोपरा दमट, टाचणीचं भोक स्पष्ट.

तालीन पाळण्याकडे धावली. बोट नाकाशी धरलं. श्वास चालू होता, संथ, उबदार. तिथेच मटकन बसून ती रडली, हसली. मग तिला लेकीच्या मुठीतून लोंबणारा दोरा दिसला.

मूठ सोडवायला बराच वेळ लागला. आत एक जाड कागदाची चिठ्ठी होती, शवागारात प्रेताच्या अंगठ्याला बांधतात तसली. तिच्यावर शाळकरी वळणाने नाव लिहिलं होतं, तालीन केशिशियन. आणि त्यावर काट मारलेली, एक सरळ आडवी रेघ.

खाली आणखी एक नाव मावेल एवढी जागा सोडली होती. तिने रेघेवरून अंगठा फिरवला, तो काळा झाला.

शाई अजून ओली होती.