मुठीतली ऊब

वॉर्डातून रक्ताच्या नळ्या आणायच्या, तपासणीच्या यंत्रात घालायच्या, मग स्टँडमध्ये लावून ठेवायच्या. मोठ्या बाईंच्या सुनेचं हे रोजचं काम. त्या दुपारीही ती तेच करत होती. फरक इतकाच, की त्यातली एक नळी तिच्या नवऱ्याची होती.

त्याला नुकताच हृदयविकाराचा झटका आला होता. रक्ताची गाठ बांधणारं प्रथिन अशा माणसाच्या अंगात चढंच राहिलं, तर दुसऱ्या झटक्याची भीती जास्त. तिचा जीव रोज त्या आकड्यावर टांगलेला. आज आकडा उतरला! फोनवर डॉक्टर म्हणाल्या, "न्या घरी संध्याकाळी." तिला हसावं की रडावं कळेना. त्याच आनंदात तिने नळी उचलली.

नळी गरम होती.

आता मोठ्या बाईंबद्दल सांगायलाच हवं. मोठ्या बाई म्हणजे तिची सासू, आणि याच प्रयोगशाळेच्या प्रमुखही. घरी सासू, कामावरही सासू! "बाकीच्या सुनांना ऑफिसात तरी सुटका असते," ती मैत्रिणींना सांगायची. यंत्रं नव्हती तेव्हा मोठ्या बाई नळी मुठीत धरून बसायच्या, अधूनमधून कलती करून रक्त गोठलं का ते बघायच्या. यंत्रं आली तरी सवय गेली नाही. "रक्ताला माणसाची ऊब लागते. यंत्राला कुठली आलीय माया?" म्हणायच्या. माया नळ्यांवर. सुनेच्या वाट्याला मात्र कधी एक गोड शब्द नाही.

गेल्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर त्या गारठलेल्या खोलीत दोनदा असं झालं, की सगळ्या नळ्या थंड आणि एकच उबदार. ज्यांच्या त्या नळ्या होत्या, त्या दोघांचेही आकडे चांगले होते. दोघेही त्याच संध्याकाळी कोसळले. योगायोग म्हणून तिने मनाची समजूत घातली होती, पण तेव्हापासून ती प्रत्येक नळीला हात लावून बघायची.

ती धावतच वॉर्डात गेली. नवरा शर्टाची बटणं लावत होता.

"अहो, आज घरी जायचं नाही."

"का? मला इथेच नांदायला ठेवतेस की काय?"

"चेष्टा नको हो... आजची रात्र फक्त. माझ्यासाठी."

तिचा चेहरा बघून डॉक्टरांनीही फाटे फोडले नाहीत. "आकडा अंदाज सांगतो, भविष्य नाही. राहू दे त्यांना," म्हणाल्या.

दिवेलागणीला त्याला दुसरा झटका आला. वाटेत रिक्षात आला असता तर... पण तो खाटेवर होता, डॉक्टर हाताशी होत्या. जिवावरचं थोडक्यात निभावलं.

शुद्धीवर आल्यावर त्याने आधी स्वतःचा तळवा बघितला. "आई बसली होती गं इथे. माझी मूठ धरून. म्हणाली, सून शहाणी आहे माझी." सून तिथेच ओक्साबोक्शी रडली. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट बघितली, तो असा यावा!

नवरा घरी आला, हिंडूफिरू लागला, भाजीला नावं ठेवू लागला. म्हणजे बरा झाला.

मग एका सकाळी यंत्राची जुळणी करायची होती. त्याला तुलनेसाठी धडधाकट माणसांचं रक्त लागतं, म्हणून प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी आपापलं दिलं. "माझं काय घेता, सासूने आटवून ठेवलंय," सून म्हणाली. सगळे हसले आणि चहाला गेले. ती मागे राहिली. सवयीने एकेका नळीला बोट लावत गेली. गार. गार. ही पण गार...

शेवटची तिची स्वतःची.

तिने बोट काढलं नाही. काढवेना. जिवंतपणी मोठ्या बाईंनी तिचा हात कधी हातात घेतला नव्हता, आणि आता ती ऊब इतकी मऊ होती, की भीतीच्या आधी डोळेच भरून आले.

"आई..." ती पुटपुटली. "माझी पण?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. स्टँडमधली तिची नळी हळूच कलती झाली, क्षणभर तशीच राहिली, आणि पुन्हा सरळ झाली.