बारा मिनिटांची घडी

नागपूर ते कोल्हापूर हवाई अंतर सातशे किलोमीटर. आता मात्र विमान बारा मिनिटांत पोचत असे. विमानाचा वेग वाढला नव्हता, अंतरच कमी झालं होतं. लुगड्याची घडी घातली की दोन पदर एकमेकांना टेकतात, तशी अवकाशाची घडी घालता येऊ लागली होती. पण लुगडं काही आखूड होत नाही. घडीत गेलेलं अंतर बारा मिनिटं दुसरीकडे कुठेतरी ठेवावं लागे. त्या जागेला 'साठवण-वाट' म्हणत. विमान उतरलं की अंतर मूळ जागी परत येई.

गडचिरोलीच्या जंगलात दोन टोल्यांना, म्हणजे पाड्यांना, जोडणारी एक पायवाट त्यासाठी निवडली होती. निवड या योजनेवरच्या शास्त्रज्ञ डॉ. मंजिरी देवस्थळीचीच होती. गेल्या वीस वर्षांत त्या दोन टोल्यांमध्ये बसचं एकही तिकीट विकलं गेलं नव्हतं. म्हणजे तिथून कोणी जात नाही, असं तिने मानलं होतं.

वाटेवर कोणी असतं का, हे पाहायला ती आज पहिल्यांदाच आली होती. सोमवारपासून दिवसाच्या सत्तर फेऱ्यांच्या एकशेवीस होणार होत्या.

वाटेच्या कडेला एक म्हातारी पान लावत बसली होती. तनुबाई कोवे.

"बस, बाई. आता चालून फायदा नाही. विमान उडालं."

मंजिरीने अंतरमापक पाहिला. पलीकडचा टोला मघाशी २.९ किलोमीटरवर होता. आता आकडा होता ७०२.९.

"तुम्हाला कसं कळतं, मावशी?"

"पाय सांगते. चाललं तरी झाड जवळ येत नाही. मंग बसाचं, पान खायाचं." तनुबाई हसली. "तिकडं माही लेक दिली आहे. नववा लागला. पहिलं बाळंतपण, आणाले चालली."

मंजिरीचा फोन वाजला. कोल्हापूरहून सहा वर्षांची इरा. "आई, आज तरी विमानात जागा मिळाली का गं? बाबा म्हणतात, सोमवारपासून तू रोज येणार."

"हो बाळा. रोज."

"लेक?" तनुबाईने विचारलं. "लांब आहे?"

"बारा मिनिटं," मंजिरी म्हणाली आणि तिने मनात गुणाकार केला. एकशेवीस फेऱ्या, प्रत्येकी बारा मिनिटं. पूर्ण चोवीस तास. मधे श्वास घ्यायलाही फट नाही.

"मावशी, लेकीला आजच आणा. सोमवारपासून पलीकडचा टोला जवळ येणारच नाही."

"आजच आणीन." तनुबाईने पान तोंडात घातलं नाही, हातातच धरलं. "मंग बाळ घेऊन नवऱ्याघरी पोचवू कशी? का तिले तिकडंच राहू देऊ? तू शिकलेली आहेस. सांग, कोणाजवळ ठेवू?"

मापकावर २.९ आलं. तनुबाई उठली आणि झपाझप चालू लागली.

संध्याकाळी विमानात बसल्यावर मंजिरीने पाहणीपत्र उघडलं. 'वाटेवर वर्दळ : आहे / नाही.' 'आहे'वर खूण केली तर वाढीव फेऱ्या गेल्या आणि तिचं रोजचं घरी जाणंही. 'नाही'वर बोट टेकवेना. तिने रकाना कोरा ठेवून पत्र पाठवून दिलं आणि पट्टा बांधला.

कोरा रकाना 'नाही' धरायचा, हा नियम तिनेच घालून दिला होता.