जड पडलेला हात

तपासणीच्या खोलीचा पडदा तिनं सरकवला आणि आधीच वरखाली होणारा तिचा जीव आणखीच वरखाली झाला. मशीनसमोर तो बसला होता — रोज सकाळी बसमध्ये तिच्यासाठी खिडकीची जागा अडवून ठेवणारा! दवाखान्यात काम करतो, एवढंच तिला ठाऊक होतं. दोन महिने नुसत्या चेष्टामस्करीत गेले. बाकीचं विचारायला सवड होती कुणाला?

"तुम्ही डॉक्टर? मला वाटलं, नुसतेच बोलघेवडे."

"दोन्ही जमतं," तो म्हणाला, पण हातातल्या कागदावर तिच्या छातीतल्या गाठीची नोंद वाचली आणि त्याचं हसू मावळलं. "मी नको... मोठ्या मॅडम करतील. मीटिंग संपली की येतील, तासाभरानं."

आणखी एक तास! आठवडाभर तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मावशी अशाच गाठीनं गेली होती, आणि आई सकाळपासून फोनवर फोन करत होती. "तुम्हीच करा," ती म्हणाली. "मला आता धीर धरवत नाही."

सिस्टर शेजारी येऊन उभी राहिली. गाठ किती कडक आहे ते हे मशीन रंगांत दाखवतं, त्यानं समजावलं — मऊ ते हिरवं, कडक ते निळं. मऊ गाठ बहुधा साधी असते. तो 'बहुधा' तिला मुळीच आवडला नाही.

मशीनच्या पडद्यावर निळं उमटलं. त्यानं पुन्हा पाहिलं... पुन्हा निळं! त्याच्या कपाळावर घाम आला आणि एक शब्दही न बोलता तो बाहेर निघून गेला. सिस्टरनं तिचा हात धरला. संपलं सगळं!

तो परतला तो मॅडमना मीटिंगमधून अर्धवट उठवून घेऊनच. त्यांनी मशीनचा प्रोब गाठीवर नुसता टेकवला. "श्वास धरा." हिरवं. परत एकदा — हिरवंच.

"साधी गाठ दिसतेय. कडाही छान गुळगुळीत आहेत. सहा महिन्यांनी परत बघू." मग त्या त्याच्याकडे वळल्या. "अरे, इतकं दाबलंस तर लोणीसुद्धा कडक दिसेल! शिकाऊ पोरांची चूक ही. आज झालंय काय तुला?"

बाहेर आल्यावर तिनं त्याला धारेवर धरलं. "जीव गेला असता माझा! जाताना काही सांगायचं तरी!"

"चुकलंच माझं. निळं दिसलं आणि वाचाच बसली... दाब जास्त पडतोय हे कळत होतं, पण हात ऐकेना. इतक्या जणींना तपासलं, असं कधी झालं नव्हतं."

"मग आजच का?"

"तुम्ही होतात म्हणून." त्यानं मान खाली घातली. "प्रेम आहे माझं तुमच्यावर. तुमचा डॉक्टर व्हायच्या लायकीचा नाही उरलो मी."

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "सहा महिन्यांनी मॅडम तपासतील. आणि तुम्ही?"

"इथे, बाकावर बसेन. तुमच्या आईशेजारी... चालेल?"

फोन पुन्हा वाजला. तिनं डोळे पुसत उचलला. "आई, साधी गाठ आहे! रडू नकोस ना... आणि ऐक, संध्याकाळी एकाला घरी आणतेय. कोण म्हणजे... डॉक्टर आहे. नाही गं, माझा डॉक्टर नाही — नुसता माझा."