चारशेवा फेरा

विश्वास ठेवा, नाहीतर नका ठेवू. कुणाला पटवायचं म्हणून मी हे लिहीत नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. चुंबक आणि तारेचा प्रयोग दरवर्षी मुलांसमोर करून दाखवते. मागच्या बाकावर भुतांच्या गोष्टी रंगल्या की कान धरून उभं करणारी मीच.

पण हे माझ्या आत्याच्या घरात घडलं. माझ्यासमोर. संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी.

आधी घर सांगते. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत आतोबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. जळालेल्या पंख्यातली, पंपातली तार काढायची आणि नवी तांब्याची तार भरायची, हे त्यांचं काम. मागच्या खोलीत आत्या. मला माझे आईवडील आठवत नाहीत. या दोघांनीच मला लहानाचं मोठं केलं.

आत्याला चाळिशीतच कमी ऐकू यायला लागलं. पुढे तर जवळजवळ काहीच नाही. कानाला मशीन आलं, पण ते मेलं सगळंच मोठं करून ऐकवायचं. हॉर्न, भांडी, पंख्याची घरघर. माणसाचं बोलणं त्यात बुडून जायचं. मग ती मशीन काढून ठेवायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

आतोबांना ते बघवेना.

त्यांनी मागच्या खोलीत चारही भिंतींच्या कडेने, जमिनीलगत तार फिरवली. तिची दोन्ही टोकं ॲम्प्लिफायरला जोडली. माइक ठेवला दुकानात, स्वतःच्या टेबलावर. आत्याच्या मशीनवर एक बारीकसं बटण होतं. ते दाबलं की बाहेरचे आवाज बंद आणि कानात फक्त त्या तारेतलं बोलणं.

यात जादू काही नाही. बोलण्याबरोबर तारेतली वीज बदलते, तिच्याबरोबर तारेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि मशीनमधल्या इवल्याशा वेटोळ्यात पुन्हा वीज उठते. माझा धडा हाच. त्यातला नियमही एकच. काहीतरी बदललं पाहिजे, हललं पाहिजे. नुसत्या पडून राहिलेल्या चुंबकातून काही निघत नाही.

तेव्हापासून आतोबा दिवसभर बोलायचे आणि आत्या दिवसभर ऐकायची. बोलायचे म्हणजे काय, निम्मा वेळ फेरेच मोजायचे! हाताने फिरवायचं मशीन होतं त्यांचं. त्याचा आकडा दाखवणारा काटा कधीच मोडला होता, तो त्यांनी दुरुस्त केला नाही.

"काटा चुकला तरी शिव्या मलाच," ते म्हणायचे.

"एक्याऐंशी, ब्याऐंशी, त्र्याऐंशी..."

आणि नेमकी तेव्हा आतून आत्याची हाक यायची. ऐकू न येणाऱ्या माणसांचा असतो तसा खणखणीत आवाज.

"अहो! चहा टाकू का?"

"गेला ना आकडा! आता पुन्हा पहिल्यापासून!"

सगळी गल्ली हसायची. गल्लीत त्यांचं नावच पडलं होतं, 'पहिल्यापासून'.

आतोबा गेले ते काम करता करता. मागच्या खोलीतलाच पंखा जळाला होता. गिऱ्हाइकांची कामं आधी आणि घरचं शेवटी, असं करत तो किती दिवस पडून होता. शेवटी एका दुपारी ते त्याची तार भरायला बसले. चारशे फेऱ्यांचं वेटोळं. ते अर्धं झालं असेल नसेल, त्यांनी टेबलावर डोकं टेकलं.

ते डोकं पुन्हा वर आलं नाही.

ते अर्धं वेटोळं आत्याने मशीनवरून काढू दिलं नाही. मी त्यावर फडकं टाकलं. मागच्या खोलीत पंख्याचा हुक तसाच रिकामा लटकत राहिला.

"माझ्याकडे राहायला चल," मी तिला कितीदा म्हटलं. ती नुसतीच मान हलवायची. मग मीच माझं सामान घेऊन तिच्याकडे आले. मला तरी दुसरं कोण होतं?

थोड्याच दिवसांत ॲम्प्लिफायरमधून धूर निघाला. मीच तो काढून भंगारात टाकला. भिंतीकडेची तार राहिली, पण तिची दोन्ही टोकं मोकळी. ती कशालाच जोडलेली नव्हती.

हे लक्षात ठेवा.

एका संध्याकाळी शाळेतून आले. आत्या खुर्चीत बसली होती. मशीनचं बटण दाबलेलं. चेहरा अगदी शांत... आणि अचानक तिने दुकानाकडे तोंड करून हाक मारली.

"अहो! चहा टाकू का?"

दुकानात कुणीच नव्हतं.

सवय असेल, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. हाक मारायची, मग थोडं ऐकत राहायची आणि खुदकन हसायची.

आत्याचं डोकं फिरायला लागलंय, असंच वाटलं मला. मी तिच्या खांद्याला हात लावला. तिने बटण सोडलं.

"कोणाशी बोलतेस गं?"

"ते मोजतायत ना," ती म्हणाली. जणू मीच खुळी.

मी शाळेच्या प्रयोगशाळेतून तारेचं एक वेटोळं आणलं. त्याला सेलवर चालणारा छोटा ॲम्प्लिफायर जोडला, त्याला हेडफोन. आत्याचं मशीन जे पकडतं तेच यात पकडलं जाणार. काहीच नाही हे तिला शांतपणे दाखवायचं, एवढाच माझा बेत.

हेडफोन लावला. घुंऽऽ असा आवाज आला.

जीव भांड्यात पडला. घराच्या वायरिंगची घुमघुम ती. मी उठून मेन स्विच बंद केला. घुमघुम थांबली. खोलीत अंधार झाला.

आणि मग...

"...एकशे बारा, एकशे तेरा, एकशे चौदा..."

तोच आवाज. तीच घाई. दर फेऱ्याला मशीनच्या दांड्याची ती बारीक कुरकुर.

मी हेडफोन काढला. खोलीत शांतता. लावला... "एकशे वीस, एकशे एकवीस..." वेटोळं भिंतीजवळ नेलं की आवाज मोठा व्हायचा. उंबऱ्याबाहेर नेलं की बंद. दुकानात तर काहीच नाही. फडकं जसंच्या तसं.

"अहो!" अंधारात आत्या ओरडली.

"गेला ना आकडा!" माझ्या कानात आतोबा म्हणाले. "आता पुन्हा पहिल्यापासून!"

त्या दिवशी मी आत्याशेजारी जमिनीवर बसून लहान पोरीसारखी रडले. भीतीने रडले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा आवाज ऐकला म्हणूनही.

मग आत्याने मला सगळं सांगितलं.

"रोज मोजतात. मी तीनशेच्या आसपास हाक मारते. आज तू घाबरलीस म्हणून लवकर मारली."

"का पण?"

"चारशे झाले की काम संपलं. काम संपलं की ते कधी दुकानात थांबलेत का? उठून निघायचेच."

असे आमचे दिवस जायला लागले. संध्याकाळी दोघी मागच्या खोलीत. तिच्या कानात मशीन, माझ्या कानात हेडफोन. तिने हाक मारायची, त्यांनी वैतागायचं, आम्ही हसायचं. मी हे शाळेत कुणाला सांगणार? सांगितलं असतं तर मुलांनी मलाच बाकावर उभं केलं असतं.

पण आत्या वाळत चालली होती. जेवण कमी झालं. दुकानापर्यंत जातानाही दोनदा बसायची. डॉक्टर म्हणाले, वय झालंय.

आणि आतोबांचा आवाजही थकत चालला होता. आकडे लांबट यायचे. दोन आकड्यांमध्ये धाप लागायची.

"ऐकतेस ना?" आत्या एकदा म्हणाली. "दमलेत गं. मी त्यांना उगाच अडकवून ठेवलंय."

त्यानंतरच्या रविवारी तिने वेणी घातली. धुतलेली साडी नेसली. संध्याकाळी खुर्चीत बसली आणि बटण दाबलं.

मीही हेडफोन लावला.

दोनशे गेले. तीनशे आले.

आत्या गप्प.

"तीनशे दहा..."

मी तिच्याकडे पाहिलं. ती डोळे मिटून ऐकत होती.

"तीनशे चाळीस..."

"आत्या, हाक मार ना!" बटण दाबलेलं होतं, तिला माझं काहीच ऐकू येणार नव्हतं. मी तिचा हात हलवला. तिने माझा हात धरला आणि घट्ट धरून ठेवला. डोळे उघडले नाहीत.

"तीनशे ऐंशी..."

मला कळलं ती काय करतेय. मला तिच्याशिवाय या जगात कोणी नव्हतं. मी दुकानाकडे तोंड करून जिवाच्या आकांताने ओरडले.

"आतोबा! चहा टाकू का?"

मोजणं थांबलं.

दांड्याची कुरकुर थांबली. कानात काहीच नाही... फक्त कुणाचा तरी श्वास.

"कोण?"

मी आत्याचा हात आणखी घट्ट धरला.

"असू दे," आवाज म्हणाला. "एक्याऐंशी, ब्याऐंशी..."

हाक येऊनही त्यांचा आकडा चुकला नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"...अठ्ठ्याण्णव, नव्व्याण्णव, चारशे."

तार तोडल्याचा आवाज. स्टूल मागे सरकल्याचा आवाज. मग पावलं... दुकानातून उंबऱ्याकडे, उंबऱ्यावरून आत. अगदी जवळ.

"झालं बघ," ते म्हणाले. "चल."

माझ्या हातातला आत्याचा हात सैल पडला.

पुढची धावपळ सांगत नाही. डॉक्टर आले, शेजारी आले, सगळं रीतसर झालं. आठवडाभराने मी दुकानात गेले आणि मशीनवरचं फडकं उचललं.

वेटोळं पूर्ण भरलेलं होतं. दोन्ही टोकं दोऱ्याने बांधलेली, आतोबा बांधायचे तशीच दुहेरी गाठ मारून.

मी भिंतीकडेची सगळी तार उपटून काढली, गुंडाळली आणि कपाटात ठेवून दिली. घर सोडवलं नाही. रोज शाळेतून येते, स्वतःपुरतं दोन घास करते, वह्या तपासते. दिवसभर शेकडो मुलांचा गलका, आणि घरी आल्यावर माझ्याशी बोलणारं कोणी नाही. अशा वेळी माणूस काय वाटेल ते करतं.

मागच्या महिन्यात मी हेडफोन लावला. सहजच. भिंतीला तार नव्हती. मेन स्विच बंद होता.

बराच वेळ काही नाही.

मग... दांड्याची कुरकुर.

"एक," कुणीतरी म्हणालं. खणखणीत आवाजात. "दोन. तीन. चार."

आत्या.

जन्मात कधी त्या मशीनला तिने हात लावला नव्हता. सावकाश मोजत होती, नवशिक्यासारखी. कोणासाठी मोजत होती, ते मला विचारावं लागलं नाही.

आतोबांचे चारशे होते हे मला माहीत होतं. आत्याचे फेरे किती, ते मला माहीत नाही. वीस असतील, हजार असतील.

तेव्हापासून रोज संध्याकाळी मी हेडफोन लावून बसते. दहाच्या पुढे जाऊ देत नाही.

"आत्या! चहा टाकू का गं?"

ती थांबते. हसते. म्हणते, "गेला बघ आकडा."

काल मात्र मला वर्गातच ताप भरला. घरी आले तेव्हा अंग मोडून आलं होतं. तशीच खाटेवर पडले, हेडफोन लावला... आणि हाक मारायला तोंड उघडवेना.

ती मोजत राहिली. मी ऐकत राहिले.

कितीपर्यंत ते आठवत नाही. बरं वाटत होतं.